यलो अलर्ट आला. आता कांदा झाकायचा की नाही?

एप्रिल सरत आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो. दर्यापूरचा हरभरावाला विचारतो, पातूरचा कांदेवाला विचारतो, मोर्शीचा संत्रा बागायतदार विचारतो: ‘यलो अलर्ट होता नं भाऊ, मंग थेंबही काऊन नाही पडला?’ आणि पुढच्याच आठवड्यात कुणाचा तरी फोन येतो की आमच्याकडे काहीच इशारा नव्हता असे वाटले, अन् पंधरा मिनिटांत अर्धी बाग खाली.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. इशारा जिल्ह्याला दिलेला असतो, वादळ मात्र वावराला गाठते. हे अंतर तुम्हाला स्वतःच भरून काढावे लागते. ते कसे भरायचे आणि एवढे करूनही नुकसान झालेच तर हक्काने काय मागायचे, ते या लेखात क्रमाने सांगतो.

पारा ४४ आणि गारपीट, एकाच आठवड्यात कशी?

याचे उत्तर एका परिच्छेदापुरतेच पुरे. वैशाखात आपली काळी जमीन तापून निघते. तशात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारा विदर्भापर्यंत पोचला, की जमिनीवरची गरम हवा त्या दमट हवेला घेऊन झपाट्याने वर चढते. दुपारी दोनपर्यंत निरभ्र असलेल्या आभाळात चार-पाच वाजता काळा डोंगर उभा राहतो. म्हणजे ऊन आणि गारा एकमेकांच्या विरोधात नसतात. ऊन हेच त्या ढगाचे इंधन असते. म्हणून ज्या दिवशी सकाळपासून अंग चिकट होते, कुलर चालू असूनही खोली गार होत नाही, त्या दिवशी दुपारनंतरच्या आभाळावर नजर ठेवा. कुलर कोरड्या हवेतच काम करतो. तो हरला की हवेत ओल वाढली आहे, हे घरबसल्या कळते.

इशाऱ्यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो

अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा अंदाज भारतीय हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतो. त्यात चार रंग असतात.

- हिरवा: इशारा नाही. याचा अर्थ पाऊस नाही असा नव्हे. धोक्याचे काही अपेक्षित नाही, एवढाच.
- पिवळा (यलो): लक्ष ठेवा. बहुधा मेघगर्जना, विजा आणि ताशी ३० ते ५० किलोमीटरचा वारा.
- केशरी (ऑरेंज): तयारी करा. वारा ताशी ५० ते ६० पर्यंत किंवा गारपिटीची शक्यता असली की सहसा हा रंग येतो.
- लाल (रेड): आता कृती करा. उन्हाळ्यात हा क्वचितच दिसतो. दिसला तर बाकी सगळी कामे सोडा.

रंग सगळेच पाहतात, त्याच्या शेजारचे दोन शब्द कुणी वाचत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘अनेक ठिकाणी’ असे लिहिले असेल तर ५१ ते ७५, आणि ‘सर्वदूर’ असेल तर त्याहून जास्त. उन्हाळी वादळांच्या इशाऱ्यात बहुतेक वेळा ‘तुरळक ठिकाणी’ हेच शब्द असतात. म्हणजे अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला, तरी चारपैकी तीन गावे कोरडीच राहणार! तुमचे गाव त्या तिनांत आले म्हणून अंदाज चुकला असे होत नाही.

त्यात अमरावती जिल्ह्याचा पसारा पाहा. चौदा तालुके, एका टोकाला मेळघाटातले धारणी, दुसऱ्या टोकाला धामणगाव रेल्वे. या दोघांनाही त्या दिवशी एकच रंग लागतो. सातपुड्याच्या पायथ्याचे अचलपूर आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले दर्यापूर यांचे आभाळ एकाच दुपारी किती वेगळे असते, हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

उष्णतेच्या इशाऱ्यातही असाच गोंधळ होतो. मैदानी भागात तापमान ४० च्या वर असून सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा पारा थेट ४५ ला पोचला असेल, तर त्याला उष्णतेची लाट म्हणतात. मे महिन्यात अकोल्याची सरासरीच ४२ च्या आसपास. त्यामुळे ४४ अंशांत तुम्ही भाजून निघत असलात तरी ‘लाट’ हा शब्द बातमीत नसतो. शब्द नाही म्हणून भर दुपारी मजुरांना वावरात ठेवू नका. २०२४ च्या मे अखेरीस अकोल्यात पारा ४५ च्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले होते.

एकच अंदाज पाहू नका, तीन पाहा

प्रत्येक अंदाजाचे काम वेगळे आहे. आठवड्याच्या अंदाजावर ताडपत्री विकत आणायची, रोजच्या अंदाजावर मजूर सांगायचे, आणि तीन तासांच्या अंदाजावर वावरातून निघायचे. यांची अदलाबदल केली की फसगत होते.

आठवड्याचा. जिल्हानिहाय पुढच्या पाच-सात दिवसांचे इशारे नागपूर केंद्र रोज देते. त्याशिवाय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कृषी हवामान सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तीत पिकानुसार काय करायचे हे लिहिलेले असते. ‘मेघदूत’ अ‍ॅपवर जिल्हा निवडला की हा सल्ला मराठीत वाचता येतो. कापणी, काढणी, बाजारात माल नेणे, लग्नाचा मांडव या गोष्टी या अंदाजावर ठरवा. चौथ्या-पाचव्या दिवसाचा तपशील मात्र पक्का धरू नका. कल तेवढा बघा.

उद्याचा. दुपारी निघालेला अंदाज संध्याकाळी वाचा आणि उद्याचे काम ठरवा. उन्हाळी वादळाचा जोर बहुतेक दुपारी तीन ते रात्री नऊ या वेळात असतो. इशारा असलेल्या दिवशी सकाळी सहा ते अकरा ही तुमची खरी पाळी. काढणी, वाहतूक, फवारणी त्यातच उरका.

तीन तासांचा. याला हवामान विभाग ‘नाऊकास्ट’ म्हणतो. रडार पाहून पुढच्या तीन तासांसाठी जिल्ह्यांची नावे घेऊन तो दिला जातो. आपल्यासाठी हाच सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा अंदाज. ‘मौसम’ अ‍ॅपवर तो दिसतो, ‘सचेत’ अ‍ॅपवरून इशारा म्हणून मोबाईलवरही येतो. अकोलेकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागपूरचे रडार अमरावतीला चांगल्या पल्ल्यात धरते, पण अकोला त्याच्या पल्ल्याच्या कडेला पडतो. तिथपर्यंत पोचताना रडारचा झोत जमिनीपासून काही किलोमीटर उंच गेलेला असतो. म्हणून बाळापूर, तेल्हाऱ्याच्या माणसाने नाऊकास्टची वाट पाहत बसू नये. पश्चिमेचे किंवा सातपुड्याकडचे आभाळ काळवंडले, की तोच इशारा समजावा.

विजेसाठी वेगळे अ‍ॅप आहे, ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले आहे. तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते दाखवते. मोबाईलचे लोकेशन बंद असेल तर त्याचा काही उपयोग नाही. वादळी आठवड्यात ते चालू ठेवा.

गावाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या अंदाजांबद्दल एवढेच सांगतो: ज्या संदेशावर तारीख नाही, जिल्ह्याचे नाव नाही आणि देणाऱ्या संस्थेचे नाव नाही, तो वाचून मजूर परत पाठवू नका. गेल्या वर्षीच्या गारपिटीचा व्हिडिओ दरवर्षी नव्याने फिरतो.

झाकायचे की नाही, हे असे ठरवा

स्वतःला दोन प्रश्न विचारा. झाकायला खर्च किती? नाही झाकले आणि पाऊस आला तर गमावणार किती? कांद्याचा ढीग झाकायला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो. भिजला तर सहा महिन्यांची साठवण जाते. अशा ठिकाणी पिवळा रंगही पुरे आहे. चारदा उगाच झाकावे लागले तरी पाचव्यांदा फिटते. उलट तीळ दहा दिवस आधी कच्चा कापायचा असेल तर उतारा नक्की घटणार. त्यासाठी नुसत्या पिवळ्या रंगावर विसंबू नका.

झाकण्यातही एक चूक हमखास होते, आमच्या घरीही झाली. एका वर्षी सलग चार दिवस इशारा होता, म्हणून कांद्याच्या ढिगावरची ताडपत्री आम्ही काढलीच नाही. पाऊस पडला नाही. पाचव्या दिवशी ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत वाफ, कांदा गरम, आणि पातीच्या मानेशी बोट दाबले की मऊ लागायचे. पावसाने नव्हे, आम्हीच तो कांदा उबवला होता. तेव्हापासून नियम असा: सकाळी आठला ताडपत्री उघडायची, दुपारी तीनला परत ओढायची. खाली ढिगाभोवती वीतभर खोल चर काढायचा, कारण कांदा वरून कमी आणि बुडाशी साचलेल्या पाण्याने जास्त सडतो.

बाकी पिकांचे थोडक्यात:

- उन्हाळी तीळ: कापलेल्या पेंढ्या उभ्या ठेवा, आडव्या पसरू नका. भिजल्याच तर ऊन पडल्यावर सोडून हलवा. काळवंडलेल्या तिळाचा भाव पडतो.
- भुईमूग: उपटून वावरात वाळत घातला असेल तर शेंगा वरच्या बाजूला येतील असा उलटा ठेवा. भिजलेली शेंग पोत्यात भरून ठेवू नका. बुरशी धरते आणि ती बुरशी माणसाला व ढोरांना दोघांनाही विषारी असते.
- केळी (अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी): घड लागलेली झाडे वाऱ्याने आधी जातात. बांबूचा किंवा पट्ट्यांचा आधार इशाऱ्यानंतर द्यायला वेळ पुरत नाही. घड निसवला की तेव्हाच द्या. वादळी संध्याकाळच्या आधी भरपूर पाणी देऊ नका, ओल्या मातीतून झाड मुळासकट सुटते.
- कुटाराची गंजी: गंजीवरचा कागद नुसता दगड ठेवून थांबत नाही. दोरीने आडवा-उभा आवळा.
- बाजार समितीत नेलेला माल: शेडमध्ये जागा आहे का हे आधी फोन करून विचारा. मोजमाप होऊन काटापट्टी हातात येईपर्यंत माल तुमचाच समजा आणि ताडपत्री सोबत ठेवा.

संत्र्याची बाग थोडी जास्त जागा मागते. मे महिन्यात दोन प्रकारचे बागायतदार असतात. ज्यांचा आंबिया बहार आहे त्यांच्या झाडावर लिंबाएवढी फळे असतात. ज्यांना मृग बहार घ्यायचा आहे त्यांनी पाणी तोडून झाड ताणावर सोडलेले असते. अवकाळी पाऊस पहिल्याची फळे पाडतो आणि दुसऱ्याचा ताण मोडतो.

ताणावरच्या बागेत पाऊस झाला तर लगेच ‘ताण मोडलाच आहे, आता पाणी देऊन टाकू’ असे करू नका. आधी झाडाच्या घेरात खुरप्याने खणून बघा. वरची दोन बोटे ओली आणि खाली कोरडी भुरभुरीत माती असेल, तर ताण शाबूत आहे. वीतभर ओल गेली असेल तर साचलेले पाणी चर काढून बाहेर काढा, आणि पुढे काय करायचे ते कृषी विद्यापीठ किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेला विचारून ठरवा. दुकानदाराने हातात दिलेल्या बाटलीवर बहार सोपवू नका.

गारपीट झालेल्या बागेत पहिल्या दोन दिवसांची कामे ठरलेली आहेत. पडलेली फळे वेचून बागेबाहेर पुरा. मोडलेल्या फांद्या करवतीने साफ कापून त्या जागी बोर्डो पेस्ट लावा. गारांनी सालीला जखमा झालेल्या असतात, त्यांतून बुरशी शिरते. म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम या प्रमाणात फवारा. पण यातले काहीही करण्याआधी फोटो काढा. का, ते पुढे येईलच.

विजा चमकत असताना

९ एप्रिल २०२३ च्या रविवारी संध्याकाळी बाळापूर तालुक्यातल्या पारसला बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळ आणि पाऊस सुरू झाला, तशी माणसे टिनाच्या शेडखाली आली. शेजारचे जुने कडुनिंबाचे झाड त्या शेडवर कोसळले. सात जणांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. ती माणसे बेफिकीर नव्हती. पाऊस आला म्हणून आडोशाला गेली होती, जसे आपण सगळेच जातो.

म्हणून आडोसा कोणता, हे वादळ येण्याआधी ठरवा. आज, निरभ्र आभाळ असताना, तुमच्या वावरातून, मंदिरातून, बसथांब्यावरून पक्क्या छताची सर्वांत जवळची जागा कोणती ते बघून ठेवा. झाडाखालचे टिनाचे शेड ही ती जागा नव्हे.

अंतर मोजायची रीत सोपी आहे. वीज चमकली की मनात आकडे मोजा आणि गडगडाट ऐकू आला की थांबा. तीन आकड्यांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पुढची तुमच्यावर पडू शकते, काम तिथेच सोडा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच वावरात परतलेली माणसे दगावतात.

- झाड, विजेचा खांब, तारेचे कुंपण, स्प्रिंक्लरचे पाइप, विहिरीची मोटार यांपासून दूर व्हा.
- बंद काचांची चारचाकी चालते. दुचाकी, बंडी आणि उघडा ट्रॅक्टर चालत नाही.
- काहीच आडोसा नसेल तर एकमेकांपासून लांब व्हा, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, कान झाका. जमिनीवर आडवे पडू नका. वीज जमिनीतूनही पसरते.
- ढोरे झाडाखाली बांधू नका. इशारा असलेल्या दुपारी त्यांना तीनच्या आत कोठ्यात आणा.
- मोबाईल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावलेला मोबाईल मात्र हातात घेऊ नका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला शंभर-एकशे वीस वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याचा प्रकार अजूनही कुठे कुठे होतो. त्यात वाचवता येणारी मिनिटे जातात.

घर, टिन आणि कुलर

आपल्याकडे टिन उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात टिन उचलले जाते आणि दगड खाली झोपलेल्यांवर येतात. टिन हुकाच्या बोल्टने पाइपाला किंवा बल्लीला कसून घ्या. निदान खाटा दगडांच्या खालून हलवा.

वैशाख हा लग्नांचा महिना. मांडववाल्याला कापडी छताच्या बाजू मोकळ्या सोडायला सांगा, म्हणजे हवा अडकून छत उचलले जाणार नाही. जनरेटरची वायर जमिनीवरून ओल्यातून जाऊ देऊ नका. मोठ्या फलकांखाली गाड्या लावू नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला धुळीच्या वादळात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे गेली. असे फलक आता आपल्या शहरांतल्या चौकांतही आहेत.

कुलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग पाणी. लोखंडी कुलर असेल तर अर्थिंग तपासा आणि घरात ईएलसीबी बसवा. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कुलरला हात लावल्याने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसे जातात, आणि त्यांत मुलेही असतात. तार तुटून पडली असेल तर काठीनेही हलवू नका. महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर कळवा आणि तिथे माणूस उभा करा.

नुकसान झाले, तर पहिल्या दोन दिवसांत हे करा

महाराष्ट्रात अवेळी पाऊस आणि वीज कोसळणे या गोष्टीही मदतीला पात्र आपत्ती मानल्या जातात, हे अनेकांना ठाऊक नसते. गारपीट तर केंद्राच्या यादीतच आहे. मदत मिळण्याचा रस्ता पंचनाम्यातून जातो, आणि पंचनामा साफसफाईनंतर होत नाही.

1. लोकेशन आणि वेळ उमटेल असे फोटो काढा. एक फोटो लांबून, धुऱ्यासह; एक जवळून, गारांचे मार दिसतील असा.
2. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या तिघांचे पथक पंचनामा करते. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेले नंतर कुणाला आठवत नाही. अडचण असेल तर तहसील कार्यालय किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.
3. उन्हाळी पिकाची ई-पीक पाहणी झाली आहे का, ते बघा. सातबाऱ्यावर वावर पडीक दिसत असेल तर वावरातला भुईमूग कागदावर नसतोच.
4. शेतकरी ओळख क्रमांक, आधारशी जोडलेले बँक खाते आणि मागितली असेल तर यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक घेऊन केलेली ई-केवायसी या गोष्टींशिवाय मंजूर झालेले पैसेही अडकून राहतात.
5. ढोर दगावले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल मिळाल्याशिवाय पुरू नका. माणसाच्या बाबतीत दुःखात हे सुचत नाही, पण शवविच्छेदन न करता अंत्यसंस्कार केला तर वारसांना मदत मिळवणे फार अवघड होते. शेजाऱ्यांनी हे काम हाती घ्यावे.

केंद्राने २०२२-२६ या काळासाठी ठरवलेले दर असे: मृत्यूसाठी वारसांना ४ लाख रुपये; दुधाळ गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,००० रुपये, शेळी-मेंढी ४,००० रुपये; पिकाचे ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर हेक्टरी कोरडवाहू ८,५०० रुपये, बागायती १७,००० रुपये, फळबाग २२,५०० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये पिकांचे दर वाढवून मर्यादा ३ हेक्टर केली होती आणि २०२५ मध्ये पुन्हा जुने दर आणले. दर असे बदलत असल्याने तुमच्या नुकसानीच्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू होता, हे तहसीलमध्ये विचारा आणि त्याची प्रत मागा. ती मागणे तुमचा हक्क आहे.

विम्याचे ‘७२ तास’

गारपीट झाली की ‘७२ तासांत कंपनीला कळवा’ हा संदेश गावोगाव फिरतो. पूर्वी तो बरोबर होता. मात्र खरीप २०२५ पासून राज्याने पीक विमा योजना बदलली. स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान यांसाठीची वैयक्तिक भरपाई त्यातून वगळली गेली आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. म्हणून अर्ज करण्याआधी तुमची पावती कोणत्या हंगामाची आणि कोणत्या योजनेची आहे ते वाचा. शंका असल्यास १४४४७ वर विचारा. विम्यात बसले नाही म्हणून सरकारी मदत जात नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमा नाही म्हणून पंचनामाच न करून घेणारे शेतकरी दरवर्षी भेटतात, आणि त्याचे फार वाईट वाटते.

संत्र्याचा विमा हवामानावर आधारित आहे. त्यात तुमची बाग पाहून नव्हे, तर तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून पैसे ठरतात. गारपिटीसाठी वेगळा जादा हप्ता भरावा लागतो, तिथे वेळेत कळवण्याची अट असते, आणि त्या संरक्षणालाही ठरावीक मुदत असते. मे महिन्यातली गार तुमच्या मुदतीत बसते का, हे आजच पॉलिसीवर बघून ठेवा.

हा पाऊस मान्सून नाही

२०२५ चा मे आठवा. महिनाभर पाऊस, २६ मे ला मान्सून मुंबईत, आणि गावोगाव बी-बियाण्यांच्या दुकानांवर गर्दी. नंतर मान्सून पुढे सरकायचा थांबला आणि विदर्भाच्या बहुतेक भागाला जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. ज्यांनी मेच्या ओलीवर सरकी टोबली, त्यांना वर आलेले कोंब पाण्याविना जगवावे लागले.

वैशाखातल्या पावसाचा उपयोग वखरणीला करा, धसकटे वेचायला करा, बियाण्याची उगवण तपासायला करा. पोत्यातून शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवडाभर ओलसर ठेवा आणि किती उगवले ते मोजा. सोयाबीनला किमान सत्तर उगवले पाहिजेत. पेरणी मात्र तुमच्या मंडळात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेल्यावरच. आकडा मिळाला नाही तर वावरात मधोमध जा, खणा, माती मुठीत दाबा. वीतभर खालच्या मातीचाही लाडू वळला, की तिफण बाहेर काढा.